क्लिपलेस पेडल: रोजच्या प्रवासासाठी निवड, जोडणी आणि सराव

‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिप नसलेलं. पण या पेडलमध्ये बूट चांगलाच अडकून बसतो, त्यामुळे नाव ऐकून बहुतेक जण आधी गोंधळतात. सायकलने ऑफिसला जायला लागलेले लोक मला याबद्दल दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, याचा खरंच काही उपयोग होतो का? दुसरा, सिग्नलला पाय अडकून पडलो तर? मी पुण्यात कोथरूड ते शिवाजीनगर हा रोजचा प्रवास बरीच वर्षं क्लिपलेस पेडलवर करतोय. ऑफिसातल्या काही जणांना ते शिकवलंही आहे. तो अनुभव आणि या पेडलमागचं तंत्र या लेखात क्रमाने मांडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नवीन माणूस क्लिपलेस पेडलवरून पडतो तो बहुतेक वेळा वेगात असताना नव्हे, तर थांबताना. म्हणून या लेखात पेडल मारण्यापेक्षा थांबण्याबद्दल जास्त सांगितलं आहे.

हे नाव आलं कुठून?

पूर्वी रेसिंगच्या सायकलींना पेडलच्या पुढच्या बाजूला धातूचा एक पिंजरा असायचा आणि त्यात चामड्याचा पट्टा ओवलेला असायचा. बूट त्यात सरकवायचा आणि हाताने पट्टा आवळायचा. या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणतात. थांबायचं असेल तर खाली वाकून पट्टा सैल करायचा आणि पाय मागे ओढून काढायचा. शर्यतीत ते चालून जायचं, रहदारीत नाही.

स्कीइंगच्या बुटांची बाइंडिंग बनवणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये तीच कल्पना सायकलच्या पेडलमध्ये आणली. पट्टा गेला, पिंजरा गेला आणि टाच बाहेर फिरवली की पाय मोकळा होऊ लागला. १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनो याने हीच पेडल वापरून जिंकली आणि व्यावसायिक सायकलपटूंमध्ये ती झपाट्याने पसरली. टो-क्लिप नाही म्हणून ‘क्लिपलेस’, एवढाच त्या नावाचा अर्थ. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने एसपीडी ही पद्धत आणली. तिच्यात धातूचा तुकडा बुटाच्या तळाच्या आत खोबणीत बसतो, त्यामुळे खाली उतरून नीट चालता येतं. ऑफिसला जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल सगळ्यात महत्त्वाचा.

ते काम कसं करतं?

बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेल्या तुकड्याला ‘क्लीट’ म्हणतात. पेडलवर पुढे एक पक्का आकडा असतो आणि मागे स्प्रिंगवर हलणारा जबडा. क्लीटचं पुढचं टोक आकड्याखाली सरकवायचं आणि चवडा खाली दाबायचा. मागचा जबडा क्षणभर उघडतो, क्लीट आत जाते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. पाय सोडवताना टाच सायकलपासून बाहेरच्या बाजूला फिरवायची. क्लीटची कड जबड्याला मागे ढकलते आणि पाय सुटतो.

टाच थोडीशी हलली तरी पाय लगेच सुटत नाही. एसपीडीमध्ये साधारण ४ अंशांपर्यंत पाय मोकळा हलू शकतो. याला ‘फ्लोट’ म्हणतात. ही सूट गुडघ्यासाठी असते, कारण पेडल मारताना पाय पूर्णपणे एका रेषेत कधीच राहत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तोल जातोय असं वाटलं की माणूस पाय वर उचलतो किंवा बाजूला ओढतो. लहानपणी सायकल शिकल्यापासून अंगात मुरलेली ती सवय आहे. या पेडलमध्ये मात्र नेमक्या त्या दोन्ही दिशांना पाय घट्ट धरून ठेवलेला असतो. सुटका फक्त टाच फिरवल्यावर होते. म्हणजे घाबरल्यावर शरीर जे करतं आणि पेडलला जे हवं असतं, त्या दोन वेगळ्या हालचाली आहेत. सरावाचा सगळा उद्देश ही जुनी सवय बदलणं हाच आहे. पाय कसा सोडवायचा हे पाच मिनिटांत समजतं, पण ते आपोआप व्हायला काही आठवडे लागतात.

फायदा नेमका किती?

‘पेडल वर ओढूनही ताकद लावता येते, म्हणून वेग खूप वाढतो’ असं दुकानात बऱ्याचदा सांगतात. रोजच्या चालीत तसं फारसं होत नाही. अनुभवी सायकलपटूंचीही जवळजवळ सगळी ताकद पेडल खाली दाबतानाच लागते. वर येणारा पाय जेमतेम स्वतःचं वजन उचलतो. त्यामुळे वेगाच्या आशेने हे पेडल घेऊ नका.

रोजच्या प्रवासातले खरे फायदे वेगळे आहेत. पावसात ओल्या पेडलवरून पाय घसरत नाही. खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून जाताना पाय उडत नाही. चवडा दररोज त्याच जागी बसतो. पाय घसरण्याची धास्ती नसल्याने हलक्या गिअरवर भरभर पेडल मारता येतं, आणि त्याने गुडघ्यावरचा ताण कमी होतो. प्रवास मोठा असेल आणि मध्ये सलग चालवायला मिळत असेल, तर हा फरक रोज जाणवतो.

कोणतं पेडल घ्यावं?

बाजारात दोन मुख्य प्रकार दिसतात.

तीन स्क्रूचे: हे रोड रेसिंगसाठी असतात. क्लीट मोठी, प्लॅस्टिकची आणि तळाच्या बाहेर आलेली असते. फरशीवर घसरते, चालताना टकटक वाजते आणि चालून चालून झिजते. ऑफिससाठी हे टाळा.

दोन स्क्रूचे: क्लीट छोटी, धातूची आणि तळात बुडालेली. एसपीडी याच प्रकारात येतं. ऑफिससाठी हेच.

दोन स्क्रूंच्या पेडलमध्येही, शिकणाऱ्यांना मी एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला खटका असलेलं पेडल सुचवतो. शिमानोचं ईएच५०० हे त्यातलं ओळखीचं मॉडेल. संध्याकाळी चपला घालून भाजी आणायला जायचं असेल तर सपाट बाजू वापरता येते, आणि गर्दीच्या रस्त्यावर पाय न अडकवता चालवता येतं. तोटा एकच, हवी ती बाजू वर आहे का हे पायाने चाचपावं लागतं.

क्लीटमध्येही फरक असतो. शिमानोची एसएच५१ ही क्लीट टाच बाजूला फिरवल्यावरच सुटते. एसएच५६ इतर दिशांनाही सुटते, म्हणजे घाबरून पाय जोरात तिरका वर ओढला तरी सुटण्याची शक्यता असते. शिकताना दुसरी लावावी. पण तिच्या भरवशावर सराव टाळू नये, आणि पेडल जोरात वर ओढायची सवय असेल तर ती नको तेव्हाही सुटू शकते हे लक्षात ठेवावं.

खर्चाचा अंदाज घेताना नुसत्या पेडलची किंमत धरू नका. बूटही वेगळे लागतात. लेस असलेले, रबरी तळाचे, साध्या स्पोर्ट्स शूजसारखे दिसणारे एसपीडी बूट मिळतात. ऑफिससाठी तेच सोयीचे. क्लीटची एक जोडी बहुतेक वेळा पेडलबरोबरच येते.

क्लीट आणि पेडल बसवताना

१. क्लीटची जागा: बूट घालून अंगठ्यामागचा उंचवटा आणि करंगळीमागचा उंचवटा बोटांनी शोधा आणि बुटावर खुणा करा. त्या दोन खुणांच्या मध्ये पेडलचा आस आला पाहिजे. रोजच्या प्रवासासाठी क्लीट त्याहून ५ ते १० मिलिमीटर टाचेकडे घेतली तर पोटऱ्यांना आराम मिळतो.

२. कोन: टेबलावर बसून पाय मोकळे सोडा आणि पावलं नैसर्गिकपणे कुठे वळतात ते पाहा. कोणाची सरळ असतात, कोणाची बाहेर वळलेली. क्लीट त्याच दिशेला ठेवा. नंतर गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर आधी हा कोन तपासा. दुखणं अंगावर काढू नका.

३. घट्टपणा: स्क्रूला थोडं ग्रीस लावून ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने ५ ते ६ न्यूटन-मीटर इतकं आवळा. टॉर्क दाखवणारा पाना नसेल तर सायकलवाल्याकडून आवळून घ्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा, कारण नवीन क्लीट तळात थोडी रुतते आणि स्क्रू सैल होतात.

४. स्प्रिंग: पेडलवर छोटा स्क्रू असतो, त्याने खटक्याचा घट्टपणा कमी-जास्त होतो. शिकताना तो सगळ्यात सैल ठेवा. दोन्ही बाजूंना खटका असलेल्या पेडल-जोडीत असे चार स्क्रू असतात. चारही सारखेच फिरवा.

५. पेडलचे आटे: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही बाजूंना लागू पडणारी सोपी खूण अशी: पाना उभा धरून वरचं टोक पुढच्या चाकाकडे नेलं की पेडल घट्ट होतं, मागच्या चाकाकडे नेलं की सैल. पेडलवर एल आणि आर अशी अक्षरं असतात, ती बघूनच बसवा. चुकीच्या बाजूला जोर लावला तर क्रँकचे आटे जातात.

सराव कसा करायचा?

घाई न करता पुढचे टप्पे घ्या. एक टप्पा कंटाळा येईल इतका सोपा वाटायला लागला की पुढे जायचं.

पहिला टप्पा, भिंत: सायकलवर बसा आणि एका हाताने भिंतीचा आधार घ्या. डावा पाय अडकवा, सोडवा. असं ५० वेळा. मग उजवा पाय. मग दोन्ही. पेडल सगळ्यात खाली असताना टाच फिरवणं सोपं जातं, ते अंगवळणी पाडा.

दुसरा टप्पा, एकच पाय: सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये किंवा मैदानावर उजवा पाय अडकवून आणि डावा सपाट बाजूवर ठेवून चालवा. दोन-तीन दिवस एवढंच.

तिसरा टप्पा, खूण: जमिनीवर खडूने रेघ मारा. तिच्या १० मीटर आधी डावा पाय सोडवा, रेघेवर थांबा. २० वेळा. इथे तोंडाने ‘टाच’ असं म्हणत करायला मी शिकणाऱ्यांना सांगतो. गंमत वाटते, पण त्याने हालचाल ठसते.

चौथा टप्पा, रविवार: सकाळी लवकर आपल्याच ऑफिसच्या रस्त्यावर जाऊन या. रस्ता रिकामा असताना कुठे थांबावं लागतं ते बघून ठेवा. सिग्नल हिरवा असला तरी त्याच्याआधी पाय सोडवून पाहा.

पाचवा टप्पा, कामाचा दिवस: दहा मिनिटं हातात ठेवून निघा. उशीर झाला असेल त्या दिवशी पहिल्यांदा हे पेडल वापरू नका.

हे टप्पे गाळले की काय होतं ते मी जवळून पाहिलंय. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने भिंतीजवळचा सराव केला आणि तिसऱ्याच दिवशी थेट कर्वे रोड गाठला. सिग्नलला आमच्या सायकली शेजारीशेजारी होत्या. त्याने व्यवस्थित ब्रेक लावला, सायकल थांबली आणि मग त्याला पायाची आठवण झाली. उभ्याचा उभा तो उजवीकडे, रहदारीच्या बाजूला पडला. मागच्या रिक्षावाल्या काकांनी करकचून ब्रेक दाबला म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. वेग शून्य होता, पण पडण्याची जागा वाईट होती. पुढच्या सोमवारपासून तो पुन्हा पार्किंगमध्ये, खडूच्या रेघेपाशी. आता दोन पावसाळे झाले, तो रोज त्याच पेडलवर येतो.

सिग्नलवर थांबण्याची पद्धत

आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, फूटपाथ डाव्या हाताला असतो. म्हणून सोडवायचा पाय नेहमी डावा. रोज तोच. पाय बदलत राहिलात तर सवय पक्की होत नाही.

१. सिग्नल दिसला की आधी हलक्या गिअरवर या. थांबल्यावर जड गिअर राहिला तर निघताना सायकल डगमगते.

२. थांबायच्या १० मीटर आधी, सायकल चालू असताना, डावा पाय सोडवा. ब्रेक दाबून सायकल थांबवल्यावर नव्हे.

३. सोडवलेला पाय पेडलवरच टेकवून ठेवा आणि सीटवरून थोडं पुढे या.

४. शेवटच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवा. सायकल आपोआप डावीकडे कलते आणि मोकळा पाय जमिनीला लागतो. पाय मोकळा डावा आणि सायकल कलली उजवीकडे, असं झालं तर काही करता येत नाही. म्हणून ही छोटी युक्ती मोलाची.

५. निघताना अडकवलेला उजवा पाय वर आणि थोडा पुढे घ्या आणि एक जोरदार दाब द्या. डावा पाय पेडलवर नुसता ठेवा. चौक पार होईपर्यंत खाली बघून खटका शोधत बसू नका. पलीकडे गेल्यावर सावकाश अडकवा.

पाय आधीच कुठे सोडवून ठेवावा?

शिकणाऱ्यांना मी आपल्या रस्त्यावरच्या अशा जागांची यादी कागदावर लिहायला लावतो. माझ्या यादीत पुढच्या जागा आहेत:

- बसथांब्याजवळ, जिथे बस किंवा रिक्षा अचानक कडेला येते
- उभ्या गाड्यांच्या रांगेजवळ, जिथे एखादं दार उघडू शकतं
- बाजारातली गर्दी आणि चालण्याच्या वेगाने सरकणारी कोंडी
- चढावर वेग मेला की. पौड रोडने चांदणी चौकाकडे चढताना दम संपला आणि पेडल फिरायचं थांबलं, तर पाय सोडवायला एखादा सेकंदच मिळतो. थांबायचा विचार मनात आला की पाय आधी सोडवा, मग थांबा.

स्पीडब्रेकरवर उलट करा. तिथे दोन्ही पाय अडकलेले आणि दोन्ही पेडल सारख्या उंचीवर असलेले बरे.

टाच फिरतेय, पण पाय सुटत नाही

असं झालं तर बहुधा क्लीटचा एक स्क्रू सैल झालेला किंवा पडलेला असतो. मग बूट फिरतो, पण क्लीट खटक्यात तशीच राहते. सावकाश कडेला या, खांब किंवा भिंत हाताने धरा आणि पाय बुटातून काढा. बूट पेडललाच राहू द्या. मग स्क्रू आवळून तो सोडवता येतो. म्हणून दर आठवड्याला दोन्ही बुटांचे चारही स्क्रू तपासा आणि ४ मिलिमीटरची ॲलन की बॅगेत कायम ठेवा. पंक्चरच्या सामानापेक्षा ती कमी महत्त्वाची नाही.

पावसाळा आणि देखभाल

चिखल खटक्यात आणि क्लीटमध्ये भरतो आणि पाय नीट अडकत नाही. बूट पेडलच्या कडेवर दोन वेळा आपटला की बराचसा निघतो. कोकणात तांबडी माती चिकटून बसते, तिच्यासाठी जुना टूथब्रश जवळ ठेवा. आठवड्यातून एकदा जबडा आणि स्प्रिंग पुसून चेनला वापरतो तेच तेल दोन थेंब सोडा. जास्तीचं पुसून टाका, नाहीतर ऑफिसच्या फरशीवर डाग पडतात.

बऱ्याच बुटांत पाणी क्लीटच्या स्क्रूंच्या खाचांतूनही आत येतं. आतली गादी काढून त्या खाचांवर जाड चिकटपट्टी लावली तर मोजे बऱ्यापैकी कोरडे राहतात.

क्लीट झिजली की पाय आपोआप सुटायला लागतो किंवा सोडवताना अडखळतो. यापैकी काहीही दिसलं तर जोडी बदला. एकच क्लीट बदलू नका, दोन्ही पायांना वेगवेगळा अंदाज घ्यावा लागतो.

नेहमीचे काही प्रश्न

पडल्यावर पाय अडकून मोडेल का?
वेगात पडताना पाय पिळला गेला की खटका बहुतेक वेळा सुटतो. स्प्रिंग सैल ठेवण्याचं हेही एक कारण. घोट्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कारण टाच फिरवण्याचा ताण थेट तिथेच येतो.

साध्या बुटांनी हे पेडल वापरता येतं का?
एका बाजूला सपाट असलेलं वापरता येतं. दोन्ही बाजूंना खटका असलेल्यावर साधा बूट घसरतो, जवळच्या फेरीलाही ते बरं नाही.

मागच्या सीटवर लहान मूल बसवतो, चालेल?
त्या फेऱ्यांना दोन्ही पाय मोकळेच ठेवा. मूल मागे असताना तोल गेला तर पाय तत्क्षणी जमिनीवर यायला हवा.

हे घेतलंच पाहिजे का?
अजिबात नाही. घर ते ऑफिस तीन-चार किलोमीटर असेल आणि दर दोन मिनिटांना थांबावं लागत असेल, तर पिना असलेलं सपाट पेडल आणि कडक तळाचा बूट पुरेसा आहे. पावसातही पकड चांगली मिळते. प्रवास आठ-दहा किलोमीटरच्या पुढे असेल, मध्ये सलग रस्ता असेल आणि सरावाला दोन-तीन आठवडे देण्याची तयारी असेल, तरच क्लिपलेसकडे वळा.

सराव झाला की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. पुढे चाललेली रिक्षा अचानक थांबली, तुम्ही थांबलात, आणि खाली पाहिल्यावर डावा पाय आधीच जमिनीवर टेकलेला दिसला. तो कधी सोडवला ते आठवतही नाही. असं झालं की गर्दीच्या रस्त्यावर दोन्ही पाय अडकवून चालवायला हरकत नाही. तोपर्यंत उजवा पाय अडकवलेला, डावा मोकळा.